नव्या पुस्तकाला जामीन कोण?

वसंत व्याख्यानमालेचा मांडव उभा राहतो, त्याच सुमारास शाळांच्या परीक्षा आटोपतात. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेली ही प्रथा पुढे गावोगाव पसरली. व्याख्यानाचा विषय कोणताही असो, भाषण संपले की एखादी आई नाहीतर एखादे आजोबा वक्त्याला गाठतात आणि हळूच विचारतात, ‘‘आमच्या नातवाला सुट्टीत वाचायला काय द्यावे हो?’’ हा प्रश्न आम्हांला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, त्यावरच एक व्याख्यान द्यावे असे शेवटी वाटू लागले. आजचे हे भाषण म्हणजे त्या आजोबांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

उशिरा म्हणतो याचे कारण, त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. आम्ही घाईघाईने नावे सांगितली: ‘श्यामची आई’, ‘गोट्या’, ‘फास्टर फेणे’, इसापच्या गोष्टी. आजोबा खूश झाले, कारण ती नावे त्यांनाही ठाऊक होती. नातवाने मात्र तोंड वाकडे केले. त्यालाही ती ठाऊक होती. काही वाचून झाली होती, काही आईने दोनदा हातात देऊन परत घेतली होती. पुस्तके थोर आहेत यात वाद नाही. पण मुलाने विचारले होते ‘काय नवे आहे?’ आणि आम्ही त्याला आमचे लहानपण काढून दिले होते.

असे का होते? श्रोतेहो, पतपेढीतून कर्ज काढायचे तर जामीन लागतो. आपल्या पतीची ज्याला माहिती आहे आणि ‘हा माणूस बुडवणार नाही’ असे जो स्वतःच्या सहीने सांगतो, तो जामीन. पुस्तकाचेही तसेच आहे. जुन्या पुस्तकाला काळ जामीन असतो. नव्या पुस्तकाला कोणीतरी जिवंत माणूस जामीन राहावा लागतो. त्याने ते वाचलेले असावे लागते आणि ‘हे मी वाचले आहे, तू वाचून पाहा’ असे त्याने मुलाला सांगावे लागते. असा माणूस मिळाला नाही, तर चांगले पुस्तकही दुकानाच्या मागच्या फळीवर पिवळे पडते आणि आपण ‘हल्ली मुलांसाठी कोणी लिहीतच नाही’ असे म्हणून मोकळे होतो. हे जामीन राहण्याचे काम आजवर कोणी केले, कसे केले आणि करताना कोठे चुकले, याचा थोडा इतिहास आज सांगायचा आहे.

आरंभ थोडा दूरून करू. पण त्या वाटेनेच आपण मुंबईला येणार आहोत. १६९३ साली इंग्लंडात जॉन लॉक या तत्त्ववेत्त्याने मुलांच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. मूल वाचू लागले की त्याच्या हाती काय द्यावे, याचे त्याने दिलेले उत्तर मोठे साधे होते. मुलाला कळेल आणि रंजवील असे सोपे पुस्तक द्यावे, म्हणजे वाचण्याच्या कष्टाचे चीज झाले असे त्याला वाटेल. आणि असे पुस्तक म्हणजे इसापच्या गोष्टी, शक्य तर चित्रांसह. पुढे १७६२ साली फ्रान्समध्ये रूसोने आपल्या ‘एमिल’ ग्रंथात याहून कडक भूमिका घेतली. पुस्तकांचा त्याला तिटकारा होता. आपल्या मानसविद्यार्थ्याला पहिले पुस्तक म्हणून त्याने एकच मंजूर केले, ते म्हणजे ‘रॉबिन्सन क्रूसो’. डीफोची ती कादंबरी १७१९ साली प्रसिद्ध झाली होती आणि ती मुलांसाठी लिहिलेलीही नव्हती. दोघेही पंडित होते. दोघांनीही मुलाचा विचार केला. परंतु मुलाला विचारले नाही. तरी एक गोष्ट त्यांच्या पदरी टाकलीच पाहिजे: पोथीखेरीज मुलाच्या हाती दुसरे काही द्यावे, आणि ते गोड असावे, हे त्यांनी युरोपातल्या आईबापांच्या मनावर ठसवले.

आता आपल्याकडे येऊ. इसापच्या गोष्टी मराठीत प्रथम छापल्या गेल्या त्या पुण्यात नाहीत आणि मुंबईतही नाहीत, तर तंजावरात. सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे छापखाना काढला आणि ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने इसाप मराठीत आणला. नंतर १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. या मंडळीचे नेटिव्ह सेक्रेटरी सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे आपले बापू छत्रे, यांनी १८२८ साली दोन पुस्तके मराठीत आणली. एक इसापनीती, आणि दुसरे ‘बाळमित्र’. लॉकने शिफारस केलेले पुस्तक अशा रीतीने एकशेपस्तीस वर्षांनी मुंबईच्या शाळकरी मुलाच्या हातात पडले.

‘बाळमित्रा’ची कुळकथा याहून मजेची आहे. आर्नो बेर्कें नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७८२ आणि १७८३ या दोन वर्षांत पॅरिसमध्ये मुलांसाठी एक मासिक काढीत होता. त्याचे नावच ‘मुलांचा मित्र’ असे होते. त्यात राजकन्या व राक्षस नव्हते. घरातली भावंडे, त्यांची भांडणे, आईबापांची समजूत, गरिबाला दिलेला घास, असे रोजचे जीवन होते. ते इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून छत्र्यांनी मराठीत आणले. म्हणजे ‘बाळमित्र’ त्या काळी अगदी नव्या वळणाचे पुस्तक होते. महाभारत आणि पंचतंत्र ज्या मुलांनी आजीच्या तोंडून ऐकले होते, त्यांना आपल्यासारखीच भांडणारी मुले छापील पानावर प्रथमच भेटली. आज जे आपल्याला अतिशय जुने वाटते, ते एके काळी असे कोरे होते, आणि त्याला जामीन राहायला एक मंडळी पुढे आली होती.

पण मंडळी जामीन राहिली याचा एक परिणाम झाला, तोही सांगितला पाहिजे. पुस्तक शाळेच्या वाटेने घरात आले. ते वाचायचे म्हणजे त्याचा अर्थ सांगायचा, त्यातली नीती पाठ करायची आणि तपासणीसाला उत्तर द्यायचे, अशी समजूत रूढ झाली. ‘पुस्तक काढून बस’ या वाक्याचा आपल्या घरांत आजही एकच अर्थ होतो, तो म्हणजे अभ्यासाला बस. खेळाच्या वेळेत पुस्तक शिरले नाही, याचे मूळ आम्हांला तेथे दिसते.

मुलांची नवी पुस्तके वाचून त्यांवर नियमाने अभिप्राय देण्याचे काम इंग्लंडात पहिल्याने केले ते सेरा ट्रिमर या बाईंनी. १८०२ ते १८०६ या काळात त्यांनी ‘शिक्षणाचा रखवालदार’ अशा अर्थाच्या नावाचे एक नियतकालिक चालवले. शेकडो पुस्तके त्यांनी स्वतः वाचली आणि प्रत्येकाविषयी आईबापांना सल्ला दिला. एवढे कष्ट त्यांच्या आधी कोणी घेतले नव्हते. परंतु रखवालदार म्हटले की दार बंद करणे आलेच. परीकथांविषयी त्यांचे मन फार साशंक होते. सिंड्रेलाच्या गोष्टीतून मुलांना मत्सर, हेवा आणि नटवेपणा यांचे धडे मिळतात, अशा आशयाचे पत्र त्यांनी आपल्या नियतकालिकात मोठ्या मान्यतेने छापले. गंमत अशी की, याच बाईंनी १७८६ साली लिहिलेल्या आणि पुढे शंभर वर्षे खपलेल्या पुस्तकात पाखरांचे एक कुटुंब माणसांसारखे बोलत होते! सिंड्रेला आजही जगात सर्वत्र आहे. ट्रिमरबाईंचे नाव अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाही. जो जामीन राहतो त्याला नकाराचाही अधिकार मिळतो. आणि तो अधिकार बहुधा भीतीपोटी वापरला जातो, हा या गोष्टीतला बोध.

आपल्याकडे ट्रिमरबाईंसारखा टीकाकार झाला नाही. आपल्याकडे हे काम केले ते मासिकांच्या संपादकांनी. विनायक कोंडदेव ओक हे रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवीचे. शिक्षणखात्यात नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि तीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ एकट्याने भरून काढले. कविता, चरित्र, निबंध, सृष्टीतले चमत्कार, सारे काही स्वतः लिहायचे. सोपे मराठी कसे लिहावे याचा तो वस्तुपाठच होता. ओकांनी पुस्तकांच्या याद्या दिल्या नाहीत. त्यांनी याहून मोठी गोष्ट केली: ‘या अंकात जे आहे ते मी तुमच्यासाठी निवडले आहे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येईन’ असा शब्द त्यांनी मुलाला दिला आणि तो पाळला. मासिक म्हणजे दर महिन्याला नवी होणारी जामीनकीच.

ओकांच्या मागोमाग आले वासुदेव गोविंद आपटे. यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढले. नावापासूनच फरक लक्षात यावा. ‘बालबोध’ या नावात बोध होता; येथे नुसता आनंद. आपटे काही थिल्लर लेखक नव्हते. मराठीचा ‘शब्दरत्नाकर’ हा कोश त्यांचाच. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणणारेही तेच. एवढ्या व्यासंगी माणसाने मुलांसाठी मासिक काढताना त्याला ‘आनंद’ म्हणावे, यात एक धीट विचार होता. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी हे मासिक दीर्घकाळ सांभाळले. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना पहिली चटक लागली ती या अंकांची. पोस्टमनच्या पिशवीतून आपल्या नावाने काहीतरी येणे याचे सुख ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरा प्रकार शिक्षकाचा. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे होते. तेथील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. कल्पना करा: दिवसभर शिकवायचे, मुलांची दुखणीखुपणी पाहायची, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना वाचायला काहीतरी हवे म्हणून रात्री जागून ते हाताने लिहायचे. जगातले जे जे चांगले त्यांनी वाचले ते मुलांना सांगितल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, तिची रचनाच मुळी रोज रात्री गोष्ट सांगण्याची आहे. त्यांच्या शिफारशीत छापील यादी नव्हती. सांगणाराचा कंठ दाटून येत होता, तीच शिफारस होती. या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेला चित्रपट १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. पण अमळनेरच्या त्या मुलांना पदकाची गरज नव्हती. त्यांना माणूस भेटला होता.

मंडळी, संपादक आणि शिक्षक असे तीन जामीन झाले. चौथा आपल्याकडे पुरता उभा राहिला नाही असे आम्हांला वाटते, आणि म्हणून त्याची गोष्ट परदेशातून आणावी लागते. हा चौथा म्हणजे ग्रंथपाल. योगायोग पाहा. आपट्यांचा जन्म १८७१ सालचा. त्याच वर्षी अमेरिकेत मेन राज्यात ॲन कॅरोल मूर या बाई जन्मल्या. ज्या १९०६ साली आपट्यांनी ‘आनंद’ काढला, त्याच साली मूरबाई न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या. त्या काळी पुष्कळ ग्रंथालयांत लहान मुलांना प्रवेशच नसे. मुले म्हणजे गोंगाट आणि मळके हात! मूरबाईंनी बुटक्या खुर्च्या मांडल्या, कपाटे उघडी केली, गोष्टी सांगण्याचे तास ठेवले. युरोपातून नुकत्याच आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांसाठी त्यांच्या मायबोलीतली पुस्तके आणून ठेवली. मुलाने पुस्तक घरी न्यायचे तर मोठ्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायचे आणि पुस्तक नीट सांभाळण्याचे वचन द्यायचे. जामीनकी दोन्ही बाजूंनी झाली: ग्रंथालय पुस्तकाला जामीन, आणि मूल स्वतःला जामीन!

नवी पुस्तके वाचून त्यांवर नियमाने लिहिण्याचे कामही मूरबाईंनी १९१८ पासून हाती घेतले. मुलांच्या पुस्तकांवर मोठ्यांच्या पुस्तकांइतकेच गंभीरपणे लिहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ साली अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांचा सप्ताह सुरू झाला, आणि १९२२ साली मुलांच्या उत्तम पुस्तकाला न्यूबेरी यांच्या नावाचे पदक पहिल्याने देण्यात आले. न्यूबेरी हा अठराव्या शतकातला लंडनचा पुस्तकविक्या. एका विक्रेत्याच्या नावाचे पदक ग्रंथपालांनी द्यावे, ही गोष्ट आपल्या व्यापारी मंडळींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पण इतिहास सांगायचा तर पुरा सांगावा. मूरबाई १९४१ साली निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या शब्दाचे वजन कायम होते. १९४५ साली ई. बी. व्हाइट यांनी ‘स्टुअर्ट लिटल’ नावाची गोष्ट लिहिली. माणसांच्या घरात जन्मलेला, उंदरासारखा दिसणारा एक चिमुकला मुलगा तिचा नायक आहे. मूरबाईंना ती मुळीच रुचली नाही. हे पुस्तक छापू नका, असे लांबलचक पत्र त्यांनी लेखकाच्या पत्नीला लिहिले. पुस्तक छापले गेले आणि मुलांनी ते उचलून धरले. १९४७ साली मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ हे चित्रांचे पुस्तक निघाले. एक सशाचे पिल्लू झोपण्यापूर्वी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेते, एवढीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या त्याच ग्रंथालयाने ते १९७२ सालापर्यंत विकतच घेतले नाही. पंचवीस वर्षे! २०२० साली या ग्रंथालयाने आपल्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली. पहिला क्रमांक एझ्रा जॅक कीट्स यांच्या १९६२ सालच्या ‘द स्नोई डे’ या मुलांच्याच पुस्तकाचा. ‘गुडनाइट मून’चा उल्लेख मात्र यादीच्या बाहेर, वेगळा मान देऊन करावा लागला, कारण पहिली पंचवीस वर्षे ते तेथे नव्हतेच. चूक कबूल करण्याची ही रीत आम्हांला फार आवडली.

ज्या बाईंनी मुलांसाठी दार उघडले, त्यांच्याच हाताने पुढे काही पुस्तकांसाठी दार लोटले गेले. यात नवल नाही. माणूस ज्या पुस्तकांवर वाढतो, त्यांच्या मापाने तो नवी पुस्तके मोजतो. मूरबाईंची गोष्ट वाचताना आम्हांला आमची यादी आठवली आणि नातवाचे वाकडे झालेले तोंड आठवले.

आता घरच्या वाचनालयांकडे वळू. याबाबतीत महाराष्ट्राने मान खाली घालावी असे काही नाही. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, म्हणजे ‘बाळमित्रा’च्याच वयाचे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपण १९६७ साली केला. इमारती आहेत, कायदा आहे, अनुदान आहे. बहुतेक ठिकाणी बालविभागाचे एक कपाटही आहे. उणीव आहे ती त्या कपाटाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची.

एक प्रसंग सांगतो. एका गावच्या वाचनालयात आम्ही बसलो होतो. अकराएक वर्षांची मुलगी आली आणि म्हणाली, ‘‘काका, यांतलं भुताचं कुठलं आहे?’’ कपाटाला कुलूप होते. काकांनी किल्ली शोधून कपाट उघडले आणि प्रेमाने म्हणाले, ‘‘घे बाळ कुठलंही, सगळी चांगलीच आहेत.’’ मुलीने दोन पुस्तके वरखाली केली, परत ठेवली आणि ती निघून गेली. काका भले गृहस्थ होते. तुटपुंज्या वेतनावर वर्षानुवर्षे ते वाचनालय त्यांनी चालू ठेवले होते. त्यांचा दोष काढावा असे आमच्या मनात नाही. परंतु ‘सगळी चांगलीच आहेत’ हे वाक्य, ज्याने त्यांतले एकही वाचलेले नाही, तोच म्हणू शकतो. जामीन राहणारा माणूस म्हणाला असता, ‘‘भुताचं ना? हे घे. पण शेवटी भूत खरं निघत नाही हो, चालेल का?’’ आणि ती मुलगी पुढच्या आठवड्यात पुन्हा आली असती.

मग नवी पुस्तके आहेत कोठे? आहेत, श्रोतेहो, वाटतात त्याहून अधिक आहेत. साहित्य अकादमी १९५४ साली स्थापन झाली. बालसाहित्यासाठी तिचा वेगळा पुरस्कार सुरू व्हायला २०१० साल उजाडले. तरी तो सुरू झाला. मराठीपुरते पाहिले तर २०११ साली दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला, २०१७ साली ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला, २०१९ साली सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला, २०२२ साली संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’ला आणि २०२४ साली भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या पुस्तकाला तो मिळाला. ही नावे नीट ऐका. खार आहे, जंगल आहे, एका मुलीची वही आहे, भूतबंगला आहे. ती अकरा वर्षांची मुलगी जे मागत होती, ते मराठीत आहे! बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक आज घरबसल्या फुकट वाचता येतात. २०१५ पासून प्रथम बुक्सने ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रांच्या गोष्टी अनेक भाषांत, मराठीतही, मोफत खुल्या केल्या आहेत. माल आहे, तो हातापर्यंत नेणारा पाहिजे.

तथापि पुरस्कारांची यादी म्हणजे शिफारस नव्हे. तिला दार समजावे. आत जाऊन आधी आपण वाचावे. आम्ही स्वतः कोणाला जामीन आहोत असे कोणी विचारील, तर तीन-चार नावे घेतो. अक्षरे नुकती ओळखू लागलेल्या मुलाला माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ द्यावे. राधाच्या घरातल्या माणसांची ती छोटी पुस्तके आहेत, चित्रेही लेखिकेचीच. त्यांत उपदेश शोधून सापडत नाही. थोड्या मोठ्या मुलाला त्यांनीच संपादित केलेले ‘वाचू आनंदे’. मराठीतल्या उत्तमोत्तम पुस्तकांतले निवडक उतारे बाल आणि कुमार अशा दोन गटांसाठी त्यांत वेचले आहेत आणि सोबत भारतीय चित्रकलेचे नमुने आहेत. हे पुस्तक म्हणजे शंभर जामीनांची सभाच. एक उतारा आवडला की मूल मूळ पुस्तक मागत येते. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत आहे. खोडकर म्हणून शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा मिळते, त्याची ही खरी हकिगत. आणि मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला, किंवा ‘मला पुस्तकबिस्तक नको’ म्हणणाऱ्या मुलीला, वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’. गुलामगिरीत जन्मलेल्या आणि पुढे कृषिशास्त्रात नाव काढलेल्या माणसाचे हे चरित्र १९८१ सालचे आहे. ‘तोत्तोचान’ही जपानीत त्याच वर्षी निघाले. दोन्ही पुस्तके आज चाळिशी ओलांडून गेली. तेव्हा आमचीही यादी पुन्हा जुनी होऊ लागली आहे, हे आम्हांला कळते. म्हणूनच यापुढचे काम तुम्ही करायचे आहे.

ते कसे करावे, हे या इतिहासातूनच निघते. पहिली गोष्ट, न वाचलेले पुस्तक मुलाला सुचवू नये. मुलांचे पुस्तक वाचायला एक दुपार पुरते, आणि त्यात कमीपणा नाही. आपट्यांसारख्या कोशकाराला तो वाटला नाही. दुसरी गोष्ट, पुस्तकाबरोबर प्रश्नपत्रिका देऊ नये. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न १८२८ पासून विचारून झाला आहे. ‘पुढे काय झाले?’ एवढे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. तिसरी गोष्ट, आपल्याला न आवडलेले पुस्तक मुलाच्या हातून काढून घेण्यापूर्वी न्यूयॉर्कची ती पंचवीस वर्षे आठवावीत. आईबापांना मर्यादा घालावी लागते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जे आपल्याला नुसते विचित्र वाटते, ते वाईटच असते असे नाही. आणि चौथी गोष्ट गावाने करायची आहे. प्रत्येक वाचनालयाने वर्षाकाठी मुलांची दहा नवी पुस्तके घ्यावीत, ती कपाटात टाकण्यापूर्वी कोणीतरी वाचावीत, आणि जो वाचील त्याचे नाव पुस्तकात चिठ्ठीवर लिहावे. निवृत्त शिक्षक आहेत, घरी असलेल्या आज्या आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. शनिवारी दुपारी दोन तास कपाटाशी बसायला एक माणूस मिळू नये, इतके आपले गाव दरिद्री नाही. यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी ‘छात्रालय’ काढले ते कोणाच्या हुकमाने नव्हे.

कपाटाचे कुलूप काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते उद्या सकाळीही करता येईल. त्यानंतर जी मुलगी भुताचे पुस्तक मागायला येईल, तिला उत्तर देण्यासाठी आपल्यापैकी कोणीतरी ते आज रात्री वाचून ठेवलेले असावे, एवढेच आमचे मागणे आहे.